विल्फची तीन पदकं

इडा आत्या म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. आमच्या होल्मबेक गावच्या शाळेत तिनं सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. ती हाक मारते ती अजूनही दोनशे पोरांच्या वर आवाज काढायचा असल्यासारखी. लग्न केलं नाही. "विचारलं होतं एकानं," ती सांगते, "पण त्याला माझी खीर आवडायची नाही. मग कशाला?"

युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचा स्मृतिरविवार असतो, त्याच्या आदल्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांची युद्धपदकं तिच्या स्वयंपाकघरात येतात. पितळ पुसायचं तिच्याइतकं कुणाला जमत नाही. म्हणजे तिचं तसं म्हणणं आहे, आणि उलट बोलायची कुणाची छाती नाही. फिती काढून धुवायच्या, इस्त्री करायच्या, पदकं घासायची, पुन्हा ओवायची. प्रत्येकाचा संच वेगळ्या वर्तमानपत्रावर, वर पेन्सिलीनं नाव.

गेल्या वर्षी टेबलावर तीन वर्तमानपत्रं होती. नॉर्मन टॉरडॉफ, रेगी हेग आणि विल्फ.

विल्फ हा आत्याचा धाकटा भाऊ. खाटकाच्या दुकानात कामाला होता, मग हवाई दलात बिनतारी संदेशवाला झाला. बाविसाव्या वर्षी जर्मनीवर असताना त्याचं विमान पाडलं गेलं, हा हवाई छत्रीनं झाडात उतरला, पाय मोडला, आणि आठ महिन्यांनी कैद्यांच्या छावणीत न्युमोनियानं गेला. पदकं दोन वर्षांनी टपालानं आली, पुठ्ठ्याच्या डबीत. त्याचे कागदही आत्याकडेच होते. तार, छावणीतून आलेली पंधरा पत्रं, आणि छावणीच्या कचेरीतलं कार्ड. पहारेकरी पळाल्यावर विल्फच्या एका दोस्तानं ते उचललं आणि आणून दिलं. त्यावर विल्फचा फोटो आहे, डोकं भादरलेला, आणि खाली अंगठ्याचा ठसा.

हे सगळं सोमवारी जुन्या विमानतळावरच्या संग्रहालयात जाणार होतं. आत्यानं तसं लिहून दिलं होतं. "मी गेल्यावर तुम्ही पोरं ते जुन्या बाजारात विकाल."

"आम्ही नाही विकणार, आत्या."

"विकाल. तुझ्या आजोबानं आईचं शिवणयंत्र विकलं. रक्तातच आहे."

तर शनिवारी दुपारी आत्या फितींना इस्त्री करत होती. रेगी हेग आणि नॉर्मन आले. रेगी तोफखान्यात होता. 'मीठ दे' म्हणतानाही तो हुकूम सोडतो. नॉर्मन लष्करात आचारी. त्याचं बोलणं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं, आणि प्रत्येक वाक्य शेवटी माफी मागितल्यासारखं खाली येतं. मी चहाची किटली उचलली. ठेवायला जागा नव्हती.

"थांब, पोरी, मी करतो जागा," नॉर्मन म्हणाला. आणि तिन्ही वर्तमानपत्रांची टोकं धरून त्यानं सगळं एकातच ओतलं. खळ्ळ.

आत्यानं इस्त्री उभी ठेवली.

"नॉर्मन."

"जागा केली, इडा..."

"नॉर्मन, काय केलंस तू?"

त्यानं खाली बघितलं, आणि चेहरा ओल्या पावासारखा झाला. पहिल्या महायुद्धातल्या पदकांवर शिपायाचं नाव कोरलेलं असायचं. दुसऱ्यातल्यांवर काही नाही. ताऱ्याच्या आकाराचं विमानवाल्यांचं पदक एकट्या विल्फचं, ते लगेच सापडलं. पण राजाचं तोंड असलेलं रुपेरी पदक आणि दुसरा तारा तिघांनाही मिळालेला. तीन राजे, तीन तारे, हुबेहूब.

"एवढं काय त्यात!" रेगी गरजला. "पदक म्हणजे पदक! सगळी राजाचीच! प्रत्येकानं एकेक उचला!"

"राजाची असतील," आत्या म्हणाली. "मी सोमवारी संग्रहालयाच्या बाईला सांगणार आहे, हे माझ्या भावाचं. ते माझ्या भावाचंच असलं पाहिजे. तुझं देऊ तिला? काचेत ठेवतील आणि खाली विल्फचं नाव घालतील."

"माझं काचेत गेलं तर माझी हरकत नाही!"

"ते मला ठाऊक आहे, रेगी."

रेगीनं चष्मा लावून एक राजा उचलला. "हे माझं. यावर ओरखडा आहे." मग दुसरा उचलला. त्यावरही ओरखडा होता. त्यानं चष्मा काढला.

आत्या खुर्चीवर बसली. भर दिवसा ती बसलेली मी कधी पाहिली नव्हती. "चाळीस वर्षं सांभाळलं," ती म्हणाली, आवाज न चढवता, आणि तेच भयंकर वाटलं. "आणि चहासाठी घालवलं."

नॉर्मननं टोपी काढून खिशात कोंबली. मग डोळे मिटून एकेका राजावर अंगठा फिरवू लागला. एक. दोन. तिसऱ्यावर थांबला. पुन्हा पहिल्याकडे गेला. ताऱ्यांची टोकंही चाचपली.

"रेगी, तुझ्या राजाला नाक आहे," तो पुटपुटला. "माझ्याही आहे. हा बघ. नाक सपाट, कान गेलेला. आणि या ताऱ्याची टोकं बोथट."

"मग?" आत्या म्हणाली.

"आमची वर्षातून एकदाच पुसली जातात, तुझ्याच हातून. तेवढ्यानं नाक जात नाही, इडा. मी तीस हजार पातेली घासलीत. सणाला काढलेलं पातेलं कुठलं आणि नेहमी घासलेलं कुठलं, मला हाताला कळतं."

आत्याचे कान लाल झाले. गावात जे लोक मेलेल्यांचे फोटो दिवाणखान्यात लावून रडतात, त्यांना ती 'नाटकमंडळी' म्हणते.

"शुक्रवारी," ती शेवटी म्हणाली. "फक्त शुक्रवारी. मासे आणायला जायच्या आधी. हात रिकामे असतात म्हणून."

"हो, इडा."

"उगीच तसला चेहरा करू नकोस. चहा ओत."

रेगीनं चहा घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात साखर मागितली.

रविवारी विल्फची पदकं आत्याच्या कोटावर उजव्या बाजूला होती. मेलेल्या माणसाची पदकं घरच्यांनी उजवीकडेच लावायची.

सोमवारी संग्रहालयाच्या मिस फेनविक आल्या. देवळात कुजबुजावं तसा आवाज, हातात पांढरे सुती हातमोजे. कागद बघताना त्यांचे डोळे भरून आले. कार्डावरच्या ठशाकडे त्या कितीतरी वेळ बघत होत्या. आत्याला त्या आवडल्या असाव्यात, कारण तिनं त्यांना केकचा मोठा तुकडा दिला.

मग पदकं निघाली. मिस फेनविकनी मोजे चढवले, राजा उजेडात धरला आणि ओठ चावला.

"बरंच घासलं गेलंय, नाही?" त्या आत्याला म्हणाल्या. "असू दे, मिस गारसाइड. आता काळजी नको. आम्ही कधीच पॉलिश करत नाही."

"मग काळी पडतील."

"पडू देतो. त्यानं धातू टिकतो. आता यापुढे याला कुणी हातसुद्धा लावणार नाही, तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही," मिस फेनविक प्रेमानं म्हणाल्या.

आत्यानं हात पुढे केला. मिस फेनविकना वाटलं, निरोपाचा हात मिळवायचाय. त्यांनी पदकं डाव्या हातात घेऊन उजवा पुढे केला. आत्यानं डाव्या हातातली पदकं काढून घेतली.

"कागद न्या," ती म्हणाली. "कागद वाचायला असतात, लोकांनी वाचावेत. कार्डही न्या. ही माझ्याकडे राहू देत."

"पण यादीत तीन पदकं लिहिलीयत... वर सही आली आहे..."

"खोडा. पेन नसेल तर ही पोरगी देईल. मी मेले की तुम्हाला फोनही हीच करेल. जुन्या बाजारात जायच्या आधी."

मिस फेनविकनी मोजे काढले. नाराज झाल्या होत्या, पण खोडलं. दारात त्या थांबल्या. "निदान ते पॉलिश तरी लावू नका. नुसतं मऊ फडकं. कराल एवढं?"

"बघेन," आत्या म्हणाली.

मिस फेनविक हसून गाडीकडे गेल्या. आमच्या घरात 'बघेन'चा अर्थ काय होतो, ते मी त्यांना सांगितलं नाही.