पन्नाशीनंतरचं शिकाऊ लायसन्स

नवऱ्याला काचबिंदू आहे हे आम्हाला काही वर्षं माहीत होतं. त्यानं माणसाचं नेमकं काय जातं, हे मात्र कळलं मरोळला, आमच्या गाडीनं रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर आडवी पाडली तेव्हा. स्कूटरवर कुणी नव्हतं, हे नशीब. तो गाडीतून उतरला, स्कूटरकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "ही इथे कधी आली?"

समोरचं त्याला अजून स्वच्छ दिसायचं. पेपर वाचायचा, सुईत दोरा माझ्याआधी ओवायचा. कडेचं दिसत नव्हतं. बोगद्यातून बघितल्यासारखं, असं डॉक्टरांनी समजावलं आणि गाडी बंद म्हणाले.

"हायवेला नाही नेणार," तो म्हणाला. "पार्ल्यातल्या पार्ल्यात?"

"पार्ल्यात काय माणसं राहत नाहीत का?" डॉक्टर म्हणाले.

त्याचा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत छोटा गाळा आहे. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापतात. मी अंधेरीला विम्याच्या ऑफिसात. इतकी वर्षं सकाळी तो मला सोडून पुढे जायचा, संध्याकाळी मी माझी यायचे. आता तो रिक्षानं जायला लागला. एक दिवस रिक्षातून उतरताना डाव्या बाजूनं आलेली बाइक त्याला दिसलीच नाही. कोपरापासून मनगटापर्यंत सोलपटला. रुमाल गुंडाळून दिवसभर काम करून घरी आला. मी डेटॉल लावत असताना म्हणाला, "बाइकवाल्याचीच चूक होती."

"तुला दिसली होती का?"

"दिसली असती तर लागली असती का?"

मी कापूस फेकला आणि गाडी शिकायची ठरवलं. हौस म्हणून नाही. या वयात बायका गाडी शिकतात, स्टिअरिंग धरून फोटो टाकतात, सगळे वा वा करतात. मला तसलं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं की आणखी एक काम वाढलं. ऑफिस, घर, त्याचे दिवसातून तीनदा घालायचे थेंब, आणि आता हे. पण गाडी खाली कव्हर घालून उभी होती, ती विकू या म्हटलं की तो "बघू" म्हणायचा, आणि त्याला रोज रिक्षात बसताना खिडकीतून बघत राहणं मला जमत नव्हतं.

आमच्या वयाला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. ते आणायला गेले तेव्हा तोही बरोबर आला, त्याला रक्तदाब तपासून घ्यायचा होता. डॉक्टरांनी मला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. तो शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता. मी भराभर खाली आले. शेवटची ओळही मला लख्ख दिसत होती, पण तिथे मी उगाचच अडखळले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

लर्निंग लायसन्स आता घरबसल्या मिळतं, असं ऑफिसातल्या मुली म्हणाल्या होत्या. घरबसल्या हा शब्द ज्यांना घरात बसायला मिळतं त्यांच्यासाठी असावा. आधी वाहतूक सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघायचा, मग लॅपटॉपसमोर बसून परीक्षा द्यायची. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही. मध्येच दुसरं काही उघडलं तर तो थांबतो, आणि फार वेळ थांबला तर बाहेर काढतो. मग पुन्हा आधार नंबर, पुन्हा ओटीपी, पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा मी तो कणीक मळता मळता लावला. त्यातले रस्ते बघूनच मला थकवा आला. रुंद, मोकळे, कडेला सारखी उंचीची झाडं. माणसं झेब्रा क्रॉसिंगपाशी उभी राहून दोन्हीकडे बघत होती आणि गाड्या त्यांच्यासाठी थांबत होत्या. इतक्यात कामवाल्या बाईंचा फोन आला, उद्या येत नाही म्हणून. तो संपवून आले तर पडद्यावर पुन्हा लॉगिनची पाटी. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर बसले आणि बसल्याबसल्या झोपले. जागी झाले तेव्हा व्हिडिओ संपून मुदतही संपली होती, गालावर टेबलक्लॉथची नक्षी उमटली होती. तो समोर उभा होता. म्हणाला, "लायसन्स मिळालं का?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

शेवटी रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी दार लावून बसले. थोड्या वेळानं तो खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तो, शाळेतल्यासारखा हात मांडीवर ठेवून व्हिडिओ ऐकत होता. मध्येमध्ये पुटपुटायचा, "हे बरोबर," "हे कोण करतं रे?" पिवळ्या रेषेबद्दल सांगत होते तेव्हा म्हणाला, "ही मला माहीत नव्हती बघ." मग ओव्हरटेक करताना घ्यायची काळजी आली. आधी आरशात बघा, मग मान वळवून बाजूला बघा, कारण काही भाग आरशात दिसत नाही. चालकाचं कडेचं दिसणं समोरच्याइतकंच महत्त्वाचं असतं, असं त्या निवेदिकेनं सांगितलं, अगदी गोड आवाजात.

त्यानंतर त्याचं पुटपुटणं थांबलं. मी व्हिडिओ थांबवू शकत नव्हते. मान वळवून त्याच्याकडे बघावंसं वाटलं, तेही केलं नाही.

व्हिडिओ संपल्याबरोबर परीक्षा सुरू केली, नाहीतर पुन्हा सगळं करावं लागलं असतं. लॅपटॉपचा कॅमेरा चालू राहतो. खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, अशी सूचना आधीच येते. मी त्याला सांगितलं, "आता तू बाहेर जा."

"मी कोपऱ्यात बसतो. कॅमेऱ्यात नाही येणार."

मला वाद घालायची ताकद नव्हती. तो पलंगाच्या टोकाला जाऊन बसला. पहिले काही प्रश्न बरे गेले. मग एक आला, उतारावरून खाली जाणारी गाडी आणि चढणारी गाडी अरुंद रस्त्यावर समोरासमोर आल्या तर कुणी वाट द्यायची. घड्याळाचे आकडे उलटे पळत होते. मी अडले.

"चढणाऱ्याला जाऊ द्यायचं," तो म्हणाला. हळू नाही, चांगलं खणखणीत.

पडदा लाल झाला. परीक्षा रद्द.

मी लॅपटॉप मिटला. "काय सांगितलं होतं मी? बाहेर जा म्हटलं होतं ना?"

"अगं, तुला येत नव्हतं."

"नसेल येत! चुकले असते मी. एक चुकलं तर वाट लागत नाही रे. आता आख्खं पुन्हा करायचं. माझा रविवार गेला. मला आठवड्यात एकच रविवार असतो."

आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो. भांडताना तो सहसा मला पूर्ण बोलू देतो आणि शेवटी एक वाक्य टाकतो. तसंच टाकलं. "उद्या तू गाडी चालवशील, मी शेजारी बसेन. तेव्हाही बोलू नको का मी?"

"नको," मी म्हटलं.

तो उठून गॅलरीत गेला. जाताना दाराची कड त्याच्या खांद्याला लागली. तीही त्याला दिसली नव्हती. मी उठले नाही. पलंगावर आडवी झाले आणि छताकडे बघत पडून राहिले. रडूसुद्धा आलं नाही, इतका कंटाळा आला होता.

पुढच्या वेळी मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मीटिंगरूम बंद करून परीक्षा दिली आणि पास झाले. घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं झालं," आणि कपाटातून गाडीची जादा किल्ली काढून माझ्या पर्सशेजारी ठेवली.

शिकवणीसाठी मी ड्रायव्हिंग स्कूलची वेळ सकाळची घेतली. शिकवणारे गृहस्थ मला मॅडम म्हणायचे आणि माझी चूक झाली की हिंदीत स्वतःशीच बोलायचे. त्यांच्या पायाशी वेगळे ब्रेक होते, त्यामुळे मला भीती अशी वाटली नाही. क्लच मात्र जमेना. गाडी गचके खात बंद पडायची, मागून रिक्षावाले हॉर्न मारायचे. "मॅडम, घाई कसली? त्याला वाजवू दे. त्याचा हॉर्न आहे," असं ते म्हणायचे. त्यांनी मला हनुमान रोडवरून काढलं, हायवेच्या सर्व्हिस रोडवर घातलं, सहारकडच्या चढावर अर्ध्या क्लचवर उभं करून ठेवलं. डावा पाय थरथरायचा. तिथून मी घरी यायचे, डबे भरायचे, थेंब घालायचे आणि ऑफिसला जायचे. त्या महिन्यात मी कुणाशी धड बोलले नाही. बहिणीनं फोनवर विचारलं, "मज्जा येते का गं गाडी चालवायला?" मी म्हटलं, "पाय दुखतो."

तो विचारायचा नाही. पण मी आले की माझ्याकडे बघायचा, आणि कधीतरी सहज बोलल्यासारखं म्हणायचा, "चढावर हँडब्रेक लावून ठेवायचा आधी. मग क्लच, मग रेस, गाडीनं नाक उचललं की मग सोडायचा." मीही सहज ऐकल्यासारखं करायचे.

रस्त्यावरच्या परीक्षेच्या दिवशी तो म्हणाला, "येऊ?" मी नको म्हटलं. ते चुकलंच बहुतेक, कारण तिथे उन्हात उभं राहून माझ्याशी बोलायला कुणीच नव्हतं. रांगेत सगळी पोरं, माझी मुलं शोभतील अशा वयाची, कानात काहीतरी घालून उभी. माझा नंबर आला तेव्हा तपासणारे साहेब शेजारी बसले आणि काही न बोलता बोटानं दाखवत गेले. पुढे, डावीकडे, चढावर थांबा. थांबले. हँडब्रेक लावायचं लक्षातच राहिलं नाही. ब्रेक सोडला आणि गाडी मागे गेली. थोडीशीच, पण गेली.

"आठवड्यानं या," साहेब म्हणाले. रागावले नव्हते. तेही दमलेले दिसले.

घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा न काढता सोफ्यावर बसले. तो स्वयंपाकघरातून चहा घेऊन आला. कप टेबलाच्या कडेला ठेवू लागला, मग हातानं चाचपून आत सरकवला.

"मागे गेली?" त्यानं विचारलं.

"हो."

"माझीपण गेली होती. पहिल्यांदा."

"कधी बोलला नाहीस."

"कशाला बोलू?" तो म्हणाला आणि समोर बसला. आम्ही चहा प्यायलो.

आठवड्यानं मी पास झाले. या वेळी तो आला होता, फाटकाबाहेर सावलीत उभा होता. मी हात केला तो त्याला दिसला नाही, म्हणून जवळ जाऊन सांगितलं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच चालत राहिला, रिक्षा मिळेपर्यंत.

आमच्या गाडीवरचं कव्हर आम्ही दोघांनी मिळून काढलं. पहिल्या सकाळी तो सवयीनं उजव्या दाराशी गेला, हँडलला हात लावला आणि थांबला. मी मागे उभी होते. तो बॉनेटवर हात टेकवत वळसा घालून डावीकडे आला.

शेजारी बसून तो एक शब्द बोलला नाही. पण त्याचा पाय बोलत होता. मी कुठेही हळू केलं की त्याचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा, रिक्षा आडवी आली की गुडघा उचलला जायचा. मला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं आणि माझाही पाय चुकायचा. मरोळला पोचेपर्यंत आम्ही दोघं घामानं भिजलेले. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी तो मागचं दार उघडून आत बसला.

"हे काय?"

"मागे बसतो. पुढे पाय दाबला जातो. तुलापण त्रास."

"लोकांना वाटेल मी तुझी ड्रायव्हर आहे."

"पगार मागू नकोस म्हणजे झालं," तो म्हणाला.

तेव्हापासून तो मागेच बसतो. मला आरशात त्याच्या चेहऱ्याचा अर्धा भाग दिसतो. तो बहुतेक डोळे मिटून असतो. कधी बोलतो, कधी नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा आम्ही सहार रोडच्या सिग्नलला अडकलो होतो. गाड्या हलत नव्हत्या. माझी मान आखडली होती, ऑफिसातून दोन फोन येऊन गेले होते. मागून तो म्हणाला, "गाळा देऊन टाकावा म्हणतोय."

मी आरशात बघितलं. त्यानं डोळे उघडले नव्हते.

"लेबलांचे रंग जुळलेत का ते मला आता गाळ्यातल्या पोरांना विचारावं लागतं. परवा एक लॉट परत आला."

"मला सांगितलं नाहीस."

"घरी तू थकलेली असतेस. तोंडाकडे बघून बोलवत नाही." थोडं थांबून म्हणाला, "इथे बरं पडतं. तुझी पाठ असते."

पुढची गाडी हलली. मागून हॉर्न वाजले. मी गियर टाकला. मग विचारलं, "कधीपासून मनात आहे?"

"बरेच दिवस."

वसाहतीचं वळण डावीकडे आलं. मी ते घेतलं नाही, सरळ पुढे गेले. चूक झाली म्हणून नव्हे. त्याला वळण चुकल्याचं कळलं असणार. त्या रस्त्याचा खड्डान् खड्डा त्याला पाठ आहे. पण तो काही म्हणाला नाही. बोलत राहिला, पोरांचं काय करायचं, मशीन कोण घेईल, नंतर दिवसभर घरात बसून करायचं काय. मी गाडी चालवत होते आणि ऐकत होते. मोठा वळसा घालून आम्ही गाळ्यापाशी आलो तेव्हा त्याला उशीर झाला होता आणि मलाही.

त्या दिवशी काही ठरलं नाही. नंतर हळूहळू ठरत गेलं. आता तो आठवड्यातून तीनच दिवस जातो, बाकीचं त्याचा जुना कामगार बघतो. त्या तीन दिवशी मी अजून सोडते. पाय अजून दुखतो.