मेला आणि उठला

मित्रहो, आज घाटकोपरला हुतूतूचा सामना पाहायला गेलो. धाकटा भाऊ वसंता वारल्यावर पहिल्यांदाच. आम्ही नेहमी जोडीने जायचो.

आमचा गडी पकडला गेला आणि सगळे ओरडले, "मेला, मेला!" बाद झालेल्याला असंच म्हणतात, मीही आजवर ओरडलोय. आज मात्र बसवेना. दोनदा उभा राहिलो.

मागे बसलेला मित्र सदू म्हणाला, "बस की रे, समोरचं दिसत नाही. आपण एक मारला की तो उठणारच ना?"

एक मारला, आणि तो खरंच उठला. मातीने माखलेला, हसत मैदानात आला. टाळ्या वाजवत मी सवयीने डावीकडे वळलो, वसंताला सांगायला.

तुमच्यापैकी कुणी असं एकट्याने परत मैदानावर गेलंय का? शेवटपर्यंत बसवलं का?