सक्करदऱ्यातलं माझं लॉन

आधी कबूल करा, हसणार नाही. चहा तोंडात असेल तर गिळून घ्या, कारण हा किस्सा ऐकताना आजवर दोघांना ठसका लागलेला आहे! माणूस किती गोंधळू शकतो, याची हद्द मी भर दुपारी, हातात खुरपं घेऊन, स्वतः पाहिली आहे.

गोष्ट पंच्याहत्तरच्या आसपासची. मी नागपुरात कारकून, वय सत्तावीस. सक्करदऱ्यात भाड्याच्या घरात आई आणि मी, दोघंच. घरापुढे चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा. रामटेकला एका लग्नात मी कुसुमला पाहिलं. पंगतीत वाढताना तिने माझ्या पानात तीनदा वरण ओतलं आणि तीनदा हसली. झालं! लग्न करीन तर हिच्याशीच, हे मी हात धुवायच्या आत ठरवून टाकलं.

अडचण होती तिच्या वडिलांची. देवरावजी रामटेकचे, धानाचे शेतकरी. त्यांचं म्हणणं एकच, "शहरातल्या पोराले मातीतलं काही समजत नाही. असा जावई मले नको." हे कानावर येताच आमच्या आईने मला न विचारता निरोप धाडला, "आमच्या पोरानं घरापुढं मस्त लॉन लावलं आहे जी!"

तिकडून उत्तर आलं, "पाडव्याच्या आधी येतो पाहाले."

आता लॉन आणू कुठून? मला मेथी कोणती आणि कोथिंबीर कोणती हेसुद्धा वास घेतल्याशिवाय कळत नव्हतं! हातात उरले पाच आठवडे. मी तडक इतवारीतलं बियाण्याचं दुकान गाठलं.

"काय पायजे जी?"

"गवत."

"माराचं का लावाचं?"

"दोन्ही."

दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पहिले घरी विचारून या न साहेब."

मी समजावलं, की वाईट गवत घालवायचंय आणि चांगलं आणायचंय. तेव्हा त्याने माझ्यापुढे दोन पुड्या ठेवल्या. एकीवर लिहिलं होतं 'दूब'. ते लॉनचं बी. दुसरीत तण मारायची पावडर, संत्र्याच्या बागेत टाकतात ती.

"ध्यान देऊन ऐका. ही पावडर टाकली का जमिनीतलं कोणतंच बी उगवत नाही. म्हणून पहिले दूब टाका, चांगली जमू द्या, दोनदा कापा, मंग पावडर. अन् पावडर पहिले टाकली, त चार महिने बी टाकाचं नाही. समजलं?"

"समजलं!"

काय समजलं होतं, कपाळ? बी आधी की पावडर आधी? आणि ते चार महिने कशाच्या आधी? घरी पोचेपर्यंत डोक्यात सगळ्याची खिचडी झाली होती. मग मी माझं डोकं चालवलं, आणि तिथेच घात झाला. म्हटलं, आधी शत्रू गारद करावा, मग पाहुणे बोलवावेत. शिवाय पुडीवर चक्क 'तणनाशक' लिहिलेलं. म्हणजे ती तणच मारणार. माझं बी तण थोडंच आहे? मी ते दुकानातून आणलंय! रविवारी सकाळी पावडर टाकली, संध्याकाळी बी टाकलं आणि वरून विहिरीचं पाणी दिलं.

पंधरा दिवस रोज सकाळी जमिनीला नाक लावून पाहत होतो. एक कोंब दिसेल तर शपथ! पावडरीने आपलं-परकं काही पाहिलंच नव्हतं, पण हे मला फार पुढे कळलं.

नवीन काही आलं नाही, पण कोपऱ्यात जुनंच काहीतरी हिरवं होतं, ते माझ्या पाण्यावर पोसलं. सरपटत सरपटत त्याने अर्धी जागा व्यापली. शेजारचे खुशालराव शेतकऱ्याच्या घरचे. त्यांना कुंपणावरून विचारलं.

"हरळी आहे ते गा! शेतात घुसली त पीक खाते. एक कांडी राहिली का पुन्हा येते. मुळासकट काढ!"

म्हणजे माझ्या बियाला हीच उगवू देत नव्हती तर! मी ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली. खुरपं, कुदळ, हाताला फोड आणि डोक्यावर मार्चचं ऊन. आई दारात तांदूळ निवडत बसली होती.

"काहून उपटून राहिला रे? दूर्वा आहे ते. देवाले वाहतो आपण."

"आई, दूर्वा नाही, हरळी आहे. तू देवाचं पाहा, जमिनीचं मी पाहतो."

आई बिचारी पुन्हा तांदळाकडे वळली.

पाचव्या दिवशी देवरावजी आले. समोर काळीभोर, साफ जमीन. फाटकाबाहेर उपटलेला ढीग, आणि तो निवांत खात उभी असलेली एक गाय.

"लॉन कुठं आहे?"

"येऊन राहिलं आहे जी. बी टाकलंय."

"कायचं?"

"दूब!"

"अन् बाहेर तो ढीग कायचा?"

"हरळी! चार दिवस लागले, पण एक कांडी ठेवली नाही," मी छाती फुगवून सांगितलं.

देवरावजी बाहेर गेले. गाईपुढची एक कांडी उचलली आणि आणून माझ्या तळहातावर ठेवली.

"याले आम्ही हरळी म्हणतो. हिंदीवाले दूब म्हणतात. देवाले वाहिली का दूर्वा. एकच आहे न बाप्पा हे!"

मी आईकडे पाहिलं. आई देवघराकडे पाहत होती. अहो, ज्याचं बी मी विकत आणलं, तेच माझ्या अंगणात आयतं पसरत होतं, आणि तेच मी रजा काढून मुळासकट उपटलं होतं! ते चार दिवस नुसता झोपून राहिलो असतो, तरी अर्धं लॉन दाखवता आलं असतं.

कुसुम हातची गेली, हे मला दिसतच होतं. म्हटलं, आता लपवायचं काय? "आईनं खोटं सांगितलं जी. मले मातीतलं काहीच समजत नाही. पण कुसुम मले फार आवडली आहे."

देवरावजींनी आईने पुढे केलेला चहा संपवला. कप खाली ठेवला. मिशी पुसली.

"जमलं समजा."

"काहून?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"आमच्या पोरीचा राग नाकावर राहते. तिची पोळी कोणत्या आकाराची असते, कोणालेच सांगता येत नाही. उठता-बसता नावं ठेवणारा नवरा भेटला त कसं होईन, याचीच मले काळजी होती. तुमचं बरं आहे. चांगलं कोणतं अन् वाईट कोणतं, तुमाले ओळखूच येत नाही!"