पाचवं मशीन

"पण लोखंड कुठाय?" आबांनी विचारलं.

विनिताताईने पडद्याकडे बोट दाखवलं. काळ्या पडद्यावर चार ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला लिहिलं होतं : बंद.

"हे माझे चार सर्व्हर. सध्या झोपलेत."

"ते दिसलं गं. आहेत कुठं?"

"ह्याच डब्यात. ह्या एकट्या कम्प्युटरला मी चार असल्याचं सोंग घ्यायला लावलंय."

"म्हणजे भातुकली," आबा म्हणाले. "आणि नोकरी मागतेस खऱ्या मुदपाकखान्यात."

रघुनाथराव, म्हणजे विनिताताईचे वडील, सगळ्यांचे आबा, बोलतात ते असं. पण टोमणा मारून झाल्यावर ते चहा करून तिच्या टेबलावर ठेवून गेले, हेही सांगितलं पाहिजे.

दौलतगंजात, म्हणजे हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी वस्तीत, आम्ही सगळे तिला विनिताताईच म्हणतो. एका शाळेत ती पोरांना कम्प्युटर शिकवते. पोरं फळ्यावर 'की-बोर्ड के प्रकार' उतरवून घेतात आणि ताई खिडकीतून किल्ल्याकडे बघत बसते. तिला हवंय ते तिथे नाही. तिला हवीय ती खोली, जिच्यात कपाटांच्या रांगाच्या रांगा असतात, कपाटांत मशिनं असतात आणि पंख्यांच्या घोंगावण्यात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. अशी खोली तिने आजवर पाहिलेली नाही. मोबाइलवर त्या खोल्यांचे व्हिडिओ असतात. ते ती डोळे मिटून ऐकते.

"क्लाउड म्हणजे काय, ढग? शेवटी ते कुठंतरी लोखंडच असतं आबा," ती समजावते. "आणि काही लोकांना अख्खं लोखंड भाड्याने लागतं. कोरं, आत काहीही नसलेलं. त्याला बेअर मेटल म्हणतात. ते मशीन लांबूनच जागं करायचं. जागं झालं की ते तारेवर हाक मारतं, 'मी कोण? माझ्यात काय भरायचं?' आपण उत्तर द्यायचं. जुनं सगळं पुसायचं, नवी सिस्टिम भरायची आणि गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं."

"आणि तू हे कुणाकडे शिकलीस?"

"भातुकलीत."

खालच्या मजल्यावर कुमुदिनीकाकू राहतात. एकट्याच. त्यांचा समरजीत कॅनडात असतो आणि नेमका तसल्याच खोलीत काम करतो. कॉलेजात असताना समर आणि ताईने नई सडकच्या बाजारातून एकेक भाग आणून एक कम्प्युटर जुळवला होता. तो ठेवला समरकडे. मग ताईच्या घरच्या कम्प्युटरशी खेळता यावं म्हणून समरने जिन्याच्या कडेने वर एक निळी तार ओढली. रात्रंदिवस मोटारींच्या शर्यती चालायच्या. हरलं की तो खालून ओरडायचा, "चीटिंग! ये तो सरासर चीटिंग है, विनी!"

मग तो नोएडाला गेला. मग आणखी लांब. लग्न झालं, मुलगी झाली. तार तशीच राहिली. घरात वाय-फाय आलं, पण ती निळी तार कुणी काढली नाही. वरचं टोक ताईच्या इंटरनेटच्या डबीत होतं आणि खालचं समरच्या बंद कम्प्युटरच्या पाठीत.

नोएडाच्या एका कंपनीची मुलाखत ठरली ती खंडेनवमीच्या दुपारी. निवेदिता नावाच्या बाई व्हिडिओवरून बघणार होत्या. ताईने एक हुकूम द्यायचा आणि चारही मशिनं शून्यातून उभी राहायची. उभी राहिली तर नोकरी जवळजवळ पक्की.

ताईने चूक केली ती आदल्या दिवशी. सोंगातल्या चौघांना इंटरनेट हवं होतं. त्यासाठी मधे एक वेगळं फाटक बांधायला हवं. घाईत तिने फाटक टाळलं आणि आपली ही सोंगातली लॅब थेट त्याच इंटरनेटच्या डबीला जोडून दिली. तिचा नियम आधीपासूनच ढिला होता : तारेवरून जो हाक मारेल त्याला आत घ्या, पुसा, भरा. ह्या तारेवर आपल्या चौघांशिवाय आहे कोण, असं तिला वाटलं.

आता खाली काकूंकडे काय चाललं होतं, ते ऐका.

काकूंचं घराणं शिलेदारांचं. खंडेनवमीला पाटावर तलवार मांडतात, झेंडूची फुलं वाहतात. तलवारीशेजारी काकू समरचा कम्प्युटर मांडतात. आमच्याकडे लोक गाडीची पूजा करतात, शिवणयंत्राची करतात, त्यात नवल नाही. पण काकूंचं एक खास आहे.

"तलवार म्यानातून चार बोटं बाहेर काढून पूजायची असते," त्या म्हणतात. "बंद म्यानाला कोण हळद-कुंकू वाहील? मग हा डबा तरी बंद कसा पूजायचा?"

म्हणून वर्षातून एकदा, त्याच दुपारी, काकू त्याचं बटन दाबतात. पंखा घरघरतो आणि सुरू होतानाची ती छोटीशी धून वाजते. पूर्वी समर घरी आला की पहिली तीच वाजायची. काकू हात जोडतात, धून ऐकतात आणि बटन बंद करतात.

वर ताईने हुकूम दिला.

"एक उठा," निवेदिताबाई म्हणाल्या. "दो... तीन... चार. वेरी नाइस, विनिताजी. और ये पाँचवाँ?"

"पाँचवाँ?"

पडद्यावर पाचवी ओळ उमटली होती. नाव नाही. पुढे फक्त वर्णन : मेमरी एवढी, डिस्क ऐंशी जीबी. ऐंशी! आता ऐंशीची डिस्क कुणाकडे असते? ताईने ती स्वतःच्या हाताने बसवली होती. समरने टॉर्च धरला होता आणि स्क्रू पाडला म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या.

खालून पूजेची घंटा वाजली.

खालच्या कम्प्युटरमधला, त्याची आठवण जपणारा छोटा सेल मेला असणार. सेल मेला की मशीन आपली डिस्क कुठाय तेही विसरतं आणि तारेवर हाका मारत सुटतं. मी कोण? माझ्यात काय भरायचं?

पाचव्या ओळीपुढे लिहून आलं : तपासणी पूर्ण. पुढची पायरी, पुसणे.

"विनिताजी? आप सुन रही हैं?"

"मॅडम, एक मिनिट... नहीं, सॉरी..."

आणि ताई उठून पळाली. वरून काही थांबवण्यात अर्थ नव्हता. मशीनने हुकूम एकदा गिळला की तार ओढूनही ते पुसतच राहतं.

"अगं, चपला! देवाजवळ चपलेने?" काकू ओरडल्या. "विनी! पूजेतल्या शस्त्राला हात..."

ताईने भिंतीतून प्लग उपटला. पंखा हळूहळू थांबला. एक झेंडू कम्प्युटरवरून घरंगळत तलवारीपाशी गेला.

"काय केलंस हे?" काकूंनी विचारलं. "आज तो गायला नाही. नुसती पांढरी अक्षरं भराभर यायला लागली. मला वाटलं, समरने तिकडून काहीतरी पाठवलंय."

ताई तिथेच खाली बसली. "नाही काकू. ती अक्षरं माझी होती."

मग तिने सगळं सांगितलं. काकूंना त्यातलं एकच कळलं. "म्हणजे पुसलं गेलं?"

"माहीत नाही. उघडून बघावं लागेल."

"आज नाही. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही."

"काकू, प्लीज."

"मला घाई नाही का गं? पण नाही."

ताई वर आली तेव्हा निवेदिताबाई पडद्यावर नव्हत्या. मग तिनेच फोन लावून खरं काय ते सांगितलं.

"यानी आपकी लैब में असली मशीन आ गई थी?" बाई हसल्या. "लोग तरसते हैं उसके लिए."

"जी. मैं भी."

"तो चलने देतीं. डेमो तो पूरा हो जाता."

"मॅडम, वो किसी की थी."

मग बाई मवाळपणे म्हणाल्या, की कारण समजलं, पण अनोळखी मशीनला न विचारता पुसायला निघणारी लॅब त्यांना चालणार नाही. फाटक बांधा, पुढच्या वेळी बघू. ही जागा दुसऱ्याला गेली.

"गेली?" आबांनी विचारलं.

"गेली."

आबांनी चहा ठेवला. भातुकलीचं नाव काढलं नाही.

दसऱ्याला काकूंनी आपट्याची पानं दिली, ताईने त्यांना दिली, आणि मग दोघी कम्प्युटरपुढे बसल्या. ताईने निळी तार काढली, मेलेला सेल काढला, नवा बसवला, डिस्क कुठाय ते मशीनला पुन्हा सांगितलं.

"दाबा, काकू."

"तू दाब."

पंखा घरघरला. पडदा बराच वेळ काळा राहिला. काकूंनी ताईचं मनगट घट्ट धरलं होतं. आणि मग ती धून वाजली. चार सुरांची, किरकिरी, जुनाट.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "गायला गं."

लगेच कॅनडाला फोन लागला, स्पीकरवर. "अरे समर, ह्या विनीने तुझा कम्प्युटर मारलाच होता!"

समर ऐकत गेला आणि हसत सुटला. "रुक, रुक. म्हणजे ती निळी तार अजून आहे?"

"आहे," ताई म्हणाली.

"यार विनी, मी इथे रोज हजार मशिनं उठवतो. एकसुद्धा असं घरातनं उठून आलं नाही." मागून पंख्यांचं घोंगावणं ऐकू येत होतं. ताई ते ऐकत होती. "पण आता काढून टाक ती. कशाला उगाच? वाय-फाय है ना."

"हां. काढते."

"बरं, ठेवतो मी. शिफ्ट आहे."

घोंगावणं थांबलं.

त्याच संध्याकाळी ताईने वर फाटक बांधलं, नीट. आता खालून कोणीही हाक मारली तरी लॅब त्याला हात लावणार नाही. फक्त खालचं मशीन जागं झालं की पडद्यावर एक पाचवी ओळ दिसेल, एवढी सोय तिने ठेवली. मग ती पुन्हा खाली उतरली आणि निळ्या तारेचं टोक उचललं.

"अगं, तो काढ म्हणाला ना?" काकू म्हणाल्या.

"म्हणाला."

ताईने तार मशीनच्या पाठीत घातली आणि खट् आवाज येईपर्यंत आत दाबली.