पाणी न दिलेले तीन दिवस

मैदानावर सगळे त्याला मामा म्हणत. खरा मामा तो एकाचाच. बहिणीचा हा मुलगा फिरकी टाकायचा. त्याची देशाच्या संघात निवड झाली तेव्हा मामाला खेळपट्टीवर राबून एकवीस वर्षं झाली होती. भाच्याचा पहिला कसोटी सामना नेमका याच मैदानावर ठरला, आणि मामाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

पाणी किती पाजलं, रोलर किती फिरवला, सगळं तो रोज वहीत लिही. सामन्याआधीच्या तीन दिवसांत पाण्याच्या रकान्यात नुसत्या रेघा आहेत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माती कोरडी राहिली की पोराचा चेंडू वळेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

चेंडू वळला, पहिल्याच सकाळी हातभर वळला! भाच्याने सात गडी टिपले, सामना अडीच दिवसांत आटोपला, आणि मामा एक संध्याकाळ छाती काढून फिरला.

दुसऱ्या दिवशी सामनाधिकाऱ्याने वही मागवली. सामना कुठेही होवो, खेळपट्टीला शेरा देतो तो आंतरराष्ट्रीय मंडळाचा हा माणूस. शेरा वाईट पडला की मैदानाच्या नावावर दंडाचे गुण चढतात, आणि ते फार झाले की वर्षभर बंदी. हे मैदान आधीच काठावर होतं.

"रेघांवर आकडे घाला की," मैदानाचे सचिव हळूच म्हणाले. "कोण बघायला आलं होतं?"

मामाने पेन उघडलं, हे खरं. पण त्या वहीत खोटं लिहायला हात काही धजेना. वही तशीच गेली आणि बंदी आली. सचिवांनी बोलणं टाकलं.

आठवड्याने भाचा आला आणि खेळपट्टीवर उकिडवा बसला.

"तुझ्यासाठीच केलं रे," मामा म्हणाला.

"कळलं ते." भाचा भेगेत बोट घालून बघत होता. "पण मामा, चांगल्या खेळपट्टीवर मला जमायचं नाही, असं वाटलं होय तुला?"

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसंच वाटलं होतं. सात गडी टिपल्यावरही त्याच्या मनातून ते गेलं नव्हतं.

वर्षभर इथे सामना नव्हता. तरी त्याने उठून नळ सोडला, पाइप ओढत आणला.

"उद्यापासून इथेच टाकायला ये," तो म्हणाला. "पाणी मी रोज देईन."