सासूबाईंनी सोडलेली साय

कल्याणाहून आगगाडी उत्तरेकडे धावू लागली तशी आमच्या आळीतली माणसं काशीयात्रेला निघू लागली. काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडून यायचा, ही रीत. रीतही पाळली जावी आणि जिभेलाही वाईट वाटू नये म्हणून बहुतेक बायका कारलं सोडून येत. सासूबाई त्यांना तोंडावर हसत. त्यांनी स्वतः मात्र दूध, दही, ताक, साय, सगळंच सोडलं. आणि साय तर त्यांचा जीव की प्राण.

ते कशासाठी, हे मला यजमानांकडून कळलं. माझ्या पहिल्या बाळंतपणात सगळ्यांनी माझी आशा सोडली होती. तेव्हा ‘ही वाचली तर काशीला जाऊन दूधदुभतं सोडीन’ असं सासूबाई देवापुढे बोलल्या होत्या. मला त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. माझा भात गिच्च होतो म्हणून नाक मुरडणं तेवढं चालू ठेवलं.

पुढे एका वैशाखात त्या तापाने आडव्या झाल्या. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. पेज पुढे केली की तोंड फिरवीत. नुसतं लिंबाचं सरबत घशाला टोचे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा वैद्यबुवा म्हणाले, “दूध पोटात गेलं नाही तर मी काही सांगू शकत नाही. आजारपणात दोष नसतो, बाई.”

“सोडलं ते सोडलं,” म्हणून सासूबाई भिंतीकडे वळल्या.

माझं डोकं फिरलं. ज्या दुधावर त्यांनी माझा जीव मागून घेतला, त्याच दुधापायी त्या जाणार, आणि मी पेजेची वाटी धरून बघत बसणार? मुळीच नाही. रात्री त्यांचे पाय चेपताना मी विचारलं, “काय खावंसं वाटतं, ते तरी सांगा.”

कूस बदलून त्या म्हणाल्या, “आंबट काहीतरी. पण मऊ हवं. सायीसारखं.”

मऊ आणि आंबट! मी सकाळीच कंबर कसली. दूध नाही तर नारळाचा रस. यजमान ठाण्याच्या कचेरीत जायला निघाले, त्यांना थांबवून नारळ फोडून घेतला. बायकांनी नारळ फोडायचा नाही, हा आमच्या घरचा कडक नियम. वैद्यबुवांनी उकळलेलंच पाणी वापरायला सांगितलं होतं. ते तसंच कढत ओतून मी खोबऱ्याचा दाट रस पिळला आणि वर लिंबू पिळलं. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. सगळं गाईच्या आंबोणात गेलं.

दुसऱ्या दिवशी पाणी निववून घेतलं. रस सुरेख निघाला, पण लिंबू घालून तो ठेवला पितळेच्या गंजात, आणि त्या गंजाची कल्हई गेलेली. तासाभरात कळकला. मी चाखला आणि थुंकले. यजमान म्हणाले, “अगं, पुरे आता. उद्या मी वैद्यबुवांना पुन्हा बोलावतो.”

“बोलवा,” मी म्हटलं, “मी माझं करते.”

तिसऱ्या दिवशी ते पहाटेच गेले आणि नारळ फोडायचा राहिला. दुपारी सासूबाईंना उठवून बसवलं तर मान धरवेना. शेजारचे पुरुषही कामावर गेलेले. मी नारळ घेऊन मागल्या दारी गेले, देवाचं नाव घेतलं आणि पायरीवर आपटला. आवाज थेट आतल्या खोलीत गेला.

“नारळ कुणी फोडला?” आतून क्षीण आवाज आला.

“मी.”

आता बोलणी बसणार म्हणून मी उभी राहिले. पण विचारणा झाली, “पाणी सांडलंस की धरलंस?”

पाणी धरलं होतं. लिंबाच्या रसात आधी खडीसाखर विरघळवली, चिमटीभर मीठ घातलं. दगडी भांड्यात खोबऱ्याचा गार रस घेऊन त्यात ते पळीपळीने घातलं आणि हात न थांबवता ढवळत राहिले. फाटलं नाही. पळीच्या पाठीवर साय धरावी तसं दाट बसलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

सासूबाईंनी फुलपात्रात बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “दूध घातलंयस. मला फसवतेस?”

मी उठून खोबऱ्याचा चोथा आणि पिळायचं फडकं त्यांच्यापुढे आणून ठेवलं. त्यांनी चोथा बोटांनी चाचपला, हुंगला. मग एक घोट घेतला. मग दुसरा. फुलपात्र रिकामं करून म्हणाल्या, “मीठ जरा जास्त झालंय.” मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. संध्याकाळी त्यांनी पुन्हा मागितलं. आषाढ लागला तोवर त्या ओट्यावर बसून माझ्या भाताला नावं ठेवू लागल्या होत्या.

काही वर्षांनी आम्ही दोघं काशीला निघालो. काय सोडायचं हे मी मनाशी ठरवलं होतं. हे सरबत तोवर माझ्याही जिवाचं झालं होतं, आणि त्यांनी माझ्यासाठी सोडलं तसं मलाही त्यांच्यासाठी काही सोडायचं होतं. निघताना पाया पडले तेव्हा त्यांच्या कानाशी तसं सांगितलं.

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “खबरदार! उद्या सुना येतील, त्यांतली एखादी माझ्यासारखी अडून बसेल. तेव्हा तुला चाखून बघता यायला हवं. सोडायचं काम या घरात मी केलंय, तेवढं पुरे.”

मी काशीला कारलं सोडून आले.