उकंडाची दोन मिनिटं

मोबाईलवर नाव उकंडाचं आलं, म्हणून उचलल्या उचलल्या मी विचारलं, "उतरला काय बे?" पलीकडून बाईमाणसाचा आवाज. "भाऊजी, मी शेवंता बोलून राह्यली. हे... गेले." मी सबस्टेशनच्या खोलीत ड्यूटीवर होतो. अशी बातमी ऐकून लोक मटकन खाली बसतात. मी आधी समोरच्या पॅनेलकडे पाहिलं. सगळे फीडर, म्हणजे गावोगावच्या लाइनी, चालू. त्या दिवशी मी कोणालाच परमिट दिलेलं नव्हतं. तरी विचारलं, "कोन्त्या खांबावर, वहिनी?" "खांबावर नाई भाऊजी. अंगनात. लसून सोलता सोलता मान टाकली." दिग्रसकडच्या आमच्या भागातल्या एकूणएक खांबाला मिठी मारलेला उकंडा राठोड जमिनीवर, स्वतःच्या बाजेवर, हातात लसणाची पाकळी धरून गेला. मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

उकंडा लाइनमन आणि मी ऑपरेटर. हा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खांबावर चढण्याआधी लाइनमन ऑपरेटरला फोन करून त्या तारेची वीज बंद करून घेतो. याला आम्ही परमिट म्हणतो. तो खाली उतरून स्वतःच्या तोंडानं सांगत नाही तोवर ऑपरेटरनं ती लाइन चालू करायची नाही. म्हणजे तो तिकडे तारेला हात लावून बसलेला, आणि त्याचा जीव कोसभर दूर माझ्या बोटात. माझी बायको म्हणायची, तुमचं राहू द्या, आधी या बोटाचा विमा काढा. उकंडा चढायचा असा, की वांदरं आपली पिल्लं शिकवणीला घेऊन यायची. हसायचा असा, की तारेवरचे होले उडून थेट पुसदला उतरायचे. यातलं निम्मं मी वाढवून सांगतोय. कोणतं निम्मं, हे विचारायला तो आता नाही.

त्याची एक खोड होती. काम झालं की त्याचा फोन यायचा, "वानखडे, उतरलो. पन लाइन टाकू नको आत्ताच. दोन मिनिटं थांब, मले पुलावर जाऊ दे." मग गाडीवर गावाजवळच्या पुलापर्यंत जायचा, तिथून पुन्हा फोन. "हं, टाक." पहिल्यांदा मी चिडलो होतो. "काहून बे, पुलावर कायले?" तर म्हणे, "लाइन आली का गाव वरडते ना, थे आयकाचं रायते. लेकरं, बाया, म्हतारे, सारेच्या सारे, 'आली रे आली'. अंगावर काटा येते बाप्पा. पगार तं बँकेत येते, हे कानात येते." मी म्हटलं, "आता घरोघरी मोबाईल झाले, कोन वरडते लाइनसाठी?" "तू चार भितीत बसतं, तुले काय मालूम. येक डाव ये, आयक." मी काही गेलो नाही. मी पुलावर, तर बटण कोण दाबणार?

एका उन्हाळ्यात नाल्यापलीकडच्या तांड्यावर लग्न होतं. दुपारी वावटळ आली, निंबाची फांदी तारेवर पडली आणि लाइन गेली. उकंडानं परमिट घेतलं आणि चढला. इकडे मुहूर्त टळत चालला. डीजे मुका, पाण्याची मोटर बंद, नवरदेव घोड्यावर घामानं भिजलेला. अर्धं वऱ्हाड टेम्पोत बसून सबस्टेशनवर आलं. मी दाराला आतून कडी घातली. बाहेरून लाथा सुरू झाल्या. "ओ ऑपरेटर, झोपले का? येक बटन तं दाबाचं हाये." मी उकंडाला फोन लावला. नुसती रिंग जात होती, कारण चढताना तो मोबाईल गाडीच्या डिक्कीत ठेवायचा. पुन्हा लावला. पुन्हा रिंग. तेवढ्यात अनोळखी नंबर वाजला. वाऱ्याची घरघर आणि तिच्यात आवाज, "वानखडे, मी उकंडा. माया मोबाईल डिक्कीत हाये, दुसऱ्याच्या फोनवरून बोलून राह्यलो. उतरलो. टाक लाइन."

आवाज तसाच. बोली तीच. डिक्कीचंही खरं. दारावर लाथ बसली, बिजागरी हलली, आणि माझा हात ब्रेकरच्या बटणापर्यंत गेला... तिथंच थांबला. हा माणूस दोन मिनिटं मागत नव्हता. मी विचारलं, "उकंडा, कुठी उभा हायेस?" "खांबाखालीच. टाक ना लवकर, लोकं बोंबलून राह्यले." उकंडा उतरल्यावर खांबाखाली थांबल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी फोन कापला आणि पॅनेलकडे पाठ करून उभा राहिलो, दोन्ही हात काखेत दाबून. बाहेर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. एकजण खिडकीच्या गजांतून काठी आत घालून ब्रेकरला पोचते का ते पाहत होता. ती काठी पोचू नये म्हणून मी मध्ये उभा होतो, बरगडीत टोचून घेत. आणि मनात एकच... तो खरंच उतरला असेल तर मी खुळा, आणि नसेल तर तो अजून वर आहे.

शेवटी मोबाईलवर उकंडाचं नाव आलं. "वानखडे, आता उतरलो बे. लय घट्ट अडकली होती फांदी. थांब, पुलावर जाऊ दे." मी नाक ओढलं. "काहून, रडून राह्यला काय?" "नाई," मी म्हटलं, "काठी टोचून राह्यली."

तो फोन उमरखेडहून आलेल्या नवरीच्या मामानं केला होता. परमिट घेताना उकंडाचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, माझा नंबर तांड्यातल्याच कुणी दिला होता. तो खांबाखालीच उभा होता, डिक्कीतली रिंग ऐकत, वर न पाहता. पंगतीत उकंडाला त्याच्याच शेजारचं पान मिळालं. उकंडानं पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, "मामा, आवाज बरोबर काढला माया. पन मायी हौस नाई काढता आली तुमाले." मामाच्या हातातली बुंदी पानात सांडली. उकंडानं त्याला आणखी वाढायला सांगितलं.

परवा त्याच तांड्याची लाइन गेली. माझी सुट्टी होती. ड्यूटीवरच्या शिंदेला मी सांगितलं, नवा लाइनमन उतरून स्वतः बोलला की दोन मिनिटं थांब, मी पुलावर चाललो. कठड्यावर बसलो. दिवेलागण झालेली. शिंदेनं लाइन टाकली आणि तांड्यातले दिवे लागले. पिठाची गिरणी घरघरली. कुणाचा तरी टीव्ही जाहिरात सांगू लागला. एका घरातून म्हातारीचा हळू आवाज आला, "आली वाटते." बस... एवढंच. थापा मारण्यात तालुक्यात मला जोड नाही, असं मी समजत होतो. आणि हा बाप्पा इतकी वर्षं या एका म्हातारीचं अख्खं गाव करून मला ऐकवत होता. मी खूप वेळ तिथंच बसून राहिलो. ती म्हातारी पुन्हा काही बोलते का, याची वाट पाहत.

शिंदेचा फोन आला. "काय आयकू आलं, साहेब?"

"अख्खा तांडा गरजला बे," मी म्हटलं. "कानठळ्या बसल्या. उद्यापासून हरेक डाव दोन मिनिटं थांबत जा."